वेताळ पुन्हा वाचताना : लाडक्या कॉमिक्समधलं आता काय खटकतं?

अंगाला घट्ट बसलेला जांभळा पोशाख, डोळ्यांवर काळा मुखवटा, बोटात कवटीची अंगठी. ठोसा मारला की गुंडाच्या हनुवटीवर कवटीचा ठसा उमटायचा आणि तो जन्मभर पुसला जायचा नाही. मे महिन्याच्या सुट्टीत इंद्रजाल कॉमिक्सची अदलाबदल करत मोठ्या झालेल्या पिढीला या माणसाची ओळख करून द्यावी लागत नाही. वेताळ!

आता या जुन्या अंकांचे फोटो फेसबुकवर फिरतात, स्कॅन केलेल्या फायली व्हॉट्सॲपवर येतात. आई-बाबा, काका-मामा हौसेने ते मुलांना दाखवतात आणि चौथ्या-पाचव्या पानावर मूल विचारतं, "जंगलातल्या सगळ्या लोकांना हा एकच गोरा माणूस का वाचवतो?" प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर द्यायचं तर थोडं मागे जावं लागतं.

वेताळ आला कुठून?

मूळ नाव 'द फँटम'. अमेरिकन लेखक ली फॉक यांनी तो निर्माण केला आणि 17 फेब्रुवारी 1936 पासून तो वृत्तपत्रांत रोजच्या चित्रपट्टीतून दिसू लागला. म्हणजे सुपरमॅनच्याही दोन वर्षं आधी. फॉक यांचाच जादूगार मँड्रेक त्याआधी, 1934 मध्ये आला होता.

गोष्ट अशी : 1536 मध्ये चाच्यांच्या हल्ल्यातून वाचलेला ख्रिस्तोफर वॉकर हा खलाशी किनाऱ्यावर येऊन पडतो. बांदार जमातीचे लोक त्याची शुश्रूषा करतात. वडिलांच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून तो चाचेगिरी आणि अन्यायाविरुद्ध लढण्याची शपथ घेतो. त्याच्यानंतर मुलगा, मग नातू. आपण वाचतो तो एकविसावा. जंगलातल्या लोकांना मात्र वाटतं की हा एकच माणूस चारशे वर्षं जिवंत आहे.

भारतात टाइम्स ऑफ इंडियाच्या समूहाने मार्च 1964 मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं. पहिल्याच अंकात फँटम होता आणि पहिले 32 अंक त्याच्याच गोष्टींचे होते. पुढे इंग्रजी-हिंदीबरोबर मराठीतही हे अंक निघाले.

मराठीत त्याला मिळालेलं नाव फारच चपखल आहे. कोकणात आरवलीच्या वेतोबाला भाविक मोठाल्या चपला वाहतात, कारण तो रात्री गावाच्या रक्षणासाठी फिरतो आणि चपला झिजतात अशी श्रद्धा आहे. चालतं-फिरतं भूत आणि तेही राखणदार! ही कल्पना मराठी वाचकाला परकी नव्हतीच. त्यामुळे एक गोरा वॉकर सहज आपल्यातला होऊन गेला.

नावं बदलली, पण कोणाची?

सुरुवातीच्या गोष्टी आफ्रिकेत घडतच नव्हत्या. वेताळाचा मुलूख आशियात होता, त्याचं नाव बंगालशी मिळतंजुळतं होतं, आणि त्याचे हाडवैरी होते 'सिंग' नावाचे चाचे. विसाव्या वेताळाला मारणाऱ्याचं नाव होतं रामा. म्हणजे अमेरिकेत ज्या गोष्टीने वेताळाची सुरुवात झाली, तिच्यात खलनायकांची नावं चक्क आपल्याकडची होती.

हे भारतात चालणार नाही, हे प्रकाशकांना कळत होतं. म्हणून इथल्या अंकांत मुलुखाचं नाव 'डेंकाली' झालं, सिंगचे 'सिंगा' झाले आणि रामाचा 'रामालू'. मूळ मालिकेतही फॉक यांनी पुढे बंगाला हा देश आफ्रिकेत हलवला.

इथे एक गोष्ट डोळ्यांत भरते. जे आपल्याला बोचलं असतं ते बदललं गेलं. कमरेला पानं-कातडी गुंडाळलेले, ढोल वाजवणारे, सहज घाबरणारे आफ्रिकन मात्र तसेच छापले गेले. ते अंक विकत घेणाऱ्यांत आफ्रिकन मुलं नव्हती.

खरी अडचण चित्रांत नाही, रचनेत आहे

पेहराव, जाडे ओठ, तुटक बोली या गोष्टी लगेच दिसतात. त्यापेक्षा खोलवरची गोष्ट म्हणजे वेताळाचं गुपित. तो अमर नाही, हे वाचकाला पहिल्यापासून माहीत असतं. बांदारांचा प्रमुख गुरान याच्यासारखे मोजके लोक सोडले, तर जंगलात ते कोणालाच ठाऊक नसतं. जंगलातली शांतता टिकते ती त्यांच्या अज्ञानावर. वाचणारं मूल, मग ते दादरचं असो की लातूरचं, आपोआप गोऱ्या नायकाच्या बाजूला बसून "यांना काही कळत नाही" म्हणायला शिकतं. तेही स्वतःच्या देशातून गोऱ्यांना जाऊन वीस वर्षंही झालेली नसताना.

शिवाय ज्यांनी त्या पहिल्या खलाशाला वाचवलं ते बांदारच. त्याचा पोशाखसुद्धा तिथल्याच एका दैत्यमूर्तीवरून घेतलेला. तरी नायकपद चारशे वर्षं वॉकर घराण्यातच राहतं!

डायनाचंही असंच काहीसं. 1936 मध्ये ती पहिल्यांदा दिसते तेव्हा चक्क मुष्टियुद्धाचा सराव करत असते. पुढे संयुक्त राष्ट्रसंघात नोकरीही करते. पण अंकामागून अंक तिचं काम एकच : पळवलं जाणं आणि वाट पाहणं. लग्न झालं ते 1977 मध्ये, म्हणजे तब्बल 41 वर्षांनी.

"त्या काळात तसंच होतं" हे अर्धंच खरं

हे वाक्य चाहते हमखास म्हणतात. पण बदल करणारा माणूस खुद्द ली फॉकच होता. मँड्रेकचा साथीदार लोथार हा सात जमातींचा राजपुत्र. तरी सुरुवातीला बिबट्याचं कातडं आणि फेज टोपी घालून तुटक इंग्रजीत 'मास्टर' म्हणायचा. 1965 मध्ये फ्रेड फ्रेडरिक्स चित्रकार म्हणून आले आणि त्यानंतर लोथार नीट कपड्यांत, नीट भाषेत बोलणारा मित्र झाला.

बंगालाचंही तेच. 1960 या एकाच वर्षात आफ्रिकेतले 17 देश स्वतंत्र झाले होते. त्याच दशकात फॉक यांच्या जंगलात निवडणूक झाली, डॉ. लुआगा नावाचे कृष्णवर्णीय अध्यक्ष आले, त्यांच्याविरुद्ध जनरल बाबाबू हा हुकूमशहा उभा राहिला. जंगल पेट्रोलचं नेतृत्वही पुढे कर्नल वोरुबू यांच्याकडे आलं.

त्यामुळे हातातला अंक कोणत्या काळातला आहे हे पाहणं महत्त्वाचं ठरतं. इंद्रजालने दशकांची सरमिसळ करून गोष्टी छापल्या, पण चित्रांवरून अंदाज येतो. साध्या, गोलसर रेषा असतील तर ते विल्सन मॅककॉय, म्हणजे साधारण 1961 आधीचं काम. स्नायूदार, रेखीव, सावल्यांनी भरलेली चित्रं असतील तर ते सी बॅरी. खटकणाऱ्या गोष्टी दोन्हीकडे सापडतात, पण पहिल्यात जास्त.

आणि एक अनपेक्षित शेपूट. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ वाघी खोऱ्यातल्या लोकांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या लढाईच्या ढालींवर वेताळाचं चित्र रंगवलं. ज्याला मारता येत नाही असा माणूस ढालीवर असणं त्यांना उपयोगाचं वाटलं. गोष्टीत ज्यांना फक्त वाचवलं जायचं, तसल्याच लोकांनी नायकाला उचलून आपल्या कामाला लावलं. त्या ढाली आज जगातल्या संग्रहालयांत आहेत.