कुत्र्याची किंमत : आठ आणे ते पन्नास रुपये

विषय कळल्यावर दोघा-तिघांनी विचारलं, इतिहासाच्या मालिकेत कुत्री कुठून आली? मी म्हटलं, माणसानं ज्याला ज्याला किंमत लावली त्याचा इतिहास असतोच. आज तेवढंच बघायचं आहे : कुत्र्याला किंमत कधी लागली, आणि ती लागल्यावर त्याचं काय झालं.

आपल्या वऱ्हाडात कुत्रं विकत घेतात हे जुन्या माणसांना सांगितलं असतं तर ते हसले असते. रानडुकरं आणि रोही पिकात घुसतात म्हणून जागलीला जायचं, तर सोबत कुत्रं हवं. ते शेजाऱ्याच्या गोठ्यातून मागून आणायचं. कडब्याच्या गंजीआड कुत्री व्यालेली असायची, पोरं तिला भाकर टाकायची, आणि पिल्लू खायला लागलं की कोणीतरी उचलून न्यायचं. धनगराच्या वाड्यावरही तसंच. यात फार मोठी भूतदया होती असं मी म्हणणार नाही. दगडही पडायचे, लाथाही बसायच्या. पण पिल्लाची आई सगळ्या गावाला दिसत होती. आज अमरावतीत किंवा अकोल्यात पिल्लाचा फोटो मोबाईलवर येतो, चार दिवसांनी पिल्लू टोपलीत घालून घरी पोचतं, आणि त्याची आई कुठं आहे, कशी आहे, हे कोणीच पाहिलेलं नसतं. ती नजरेआड कशी गेली, हा माझ्या दृष्टीनं खरा प्रश्न.

मुक्या जिवाला आसरा देण्याचा विचार आपल्याकडं जुना आहे. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात तेराव्या शतकाच्या अखेरीस 'लीळाचरित्र' सिद्ध झालं. त्यात चक्रधरस्वामींनी सशाला वाचवल्याची लीळा आहे. शिकारी मागं लागलेला ससा त्यांच्या आश्रयाला येतो, आणि शरण आलेल्याला ते हाती देत नाहीत. सशामागं धावणारी कुत्री तिथं शिकाऱ्याचं हत्यार आहेत, हेही लक्षात ठेवा. कुत्रं स्वतः आसरा मागतंय, असा प्रसंग इतिहासात ठळकपणे दिसतो तो बराच पुढं, मुंबईत.

साल १८३२. कंपनी सरकार ठराविक महिन्यांत मुंबईतली मोकाट कुत्री मारायचं. त्या वर्षी मुदत वाढवली आणि कुत्र्यामागं आठ आणे बक्षीस लावलं. म्हणजे कुत्र्याला सरकारदरबारी किंमत मिळाली ती मेल्यावर! आठ आणे ही त्या काळी गरिबाला लहान रक्कम नव्हे. मग पकडणाऱ्यांनी भटकं कोणतं आणि घरचं कोणतं हे बघणं सोडलं. दारातली, घरातली कुत्रीही ओढून नेली. पारशांना कुत्रा पवित्र. त्यांच्यात मृतदेहाला कुत्र्याची नजर लागावी असा विधी असतो, त्याला सगदीद म्हणतात. ६ जूनला, त्यांच्या पवित्र दिवशी, हा प्रकार चालू असताना जमाव शिपायांवर धावून गेला. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद. हिंदू, जैन, मुसलमानही सामील झाले, आणि गोऱ्या सैनिकांचं खाणंपिणं अडलं. सरकारनं धरपकड केली, पण कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेण्याचा मार्गही काढावा लागला.

त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जिजीभाईंनी व्यापाऱ्यांना सोबत घेऊन मुंबईची पांजरपोळ उभी केली. आज पांजरपोळ म्हटलं की गाय डोळ्यांसमोर येते, पण ही सुरू झाली ती कुत्र्यांच्या निमित्तानं. लंडनमध्ये मेरी टील्बी नावाच्या बाईंनी बेवारस कुत्र्यांचं आश्रयघर काढलं ते १८६० मध्ये; तेच पुढं बॅटरसीला गेलं. म्हणजे आपण सव्वीस वर्षं आधी. मात्र छाती फुगवण्याआधी एक फरक बघा. लंडनच्या घरातून कुत्रं पुन्हा कोणाच्या तरी घरी जायचं. आपल्या पांजरपोळीचं दार आत येण्यापुरतं होतं. जनावर आलं की मरेपर्यंत तिथंच. जीवदान दिलं, घर दिलं नाही.

वऱ्हाडात हीच परंपरा गोरक्षणाच्या रूपानं आली. अकोल्यात तर एका अख्ख्या रस्त्याला गोरक्षण रोड म्हणतात. गाडगेबाबांनी मूर्तिजापुरात गोरक्षण काढलं, जत्रेतल्या पशुहत्येविरुद्ध जन्मभर कीर्तनं केली, मुक्या प्राण्यांना अभय मागितलं. पण गोरक्षणात कुत्र्याला जागा नव्हती. त्याची गरजही वाटली नाही, कारण कुत्रं गावाचं होतं.

किंमत आली ती दुसऱ्या वाटेनं. १८५९ मध्ये इंग्लंडातल्या न्यूकॅसलला कुत्र्यांचं पहिलं मोठं प्रदर्शन भरलं, १८७३ मध्ये लंडनला केनेल क्लब निघाला. वंशावळीच्या वह्या आल्या. कोणाचा कोण हे लिहून ठेवायचं आणि बाहेरचं रक्त येऊ द्यायचं नाही. (आपल्याला ही पद्धत समजायला जड जाऊ नये.) आमच्याकडं साहेबाचं कुत्रं छावणीत आणि चिखलदऱ्याच्या बंगल्यात दिसायचं. सामान्य घरात 'जातिवंत' कुत्रं शिरलं ते फार अलीकडं. २००३ ची हच कंपनीची जाहिरात आठवा. पोरामागं चालणारा तो पग देशभर घराघरांत हवासा झाला. आता कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच ते अंगातली उष्णता बाहेर काढतं. चपट्या नाकाच्या पगला तेच धड जमत नाही. आणि मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो! बर्फातला हस्की इथं आणणाऱ्यांबद्दल तर मी बोलतच नाही.

मागणी वाढली की पुरवठा करणारे येतात. प्रामाणिक पाळणारे आहेत, नाही असं नाही. पण जिथं फक्त पैसा बघतात तिथं कुत्री पिंजऱ्यात राहते, माजावर आली की लावली जाते, पिल्लं लवकर तोडली जातात, की पुन्हा तेच. अशा ठिकाणाहून सोडवलेली कुत्री पाहिली तर नखं वाकून वाढलेली, आचळं लोंबलेली, अंगाला मुताचा वास. मोकळ्या अंगणात ती कोपरा शोधते.

कायदा काय म्हणतो? १८६० च्या दंडसंहितेत जनावर मारण्याचा गुन्हा त्याच्या किमतीवर होता. कलम ४२८ ला ते निदान दहा रुपयांचं असावं लागे. गावठी कुत्र्याची किंमत कोण ठरवणार? १ जुलै २०२४ ला न्याय संहिता आली तेव्हा ही अट गेली. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या प्रयत्नांतून १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा झाला. त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये, आणि आकडा अजून तोच आहे. विधी आयोगाच्या अहवालानंतर २०१७ मध्ये कुत्रे-पैदाशीचे नियम आले. राज्य प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी हवी. कुत्री दीड वर्षाच्या आत आणि आठ वर्षांनंतर लावायची नाही. वर्षात एकच वेत, जन्मात पाच. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. नियम चांगले आहेत. पण एका पिल्लाचा भाव हजारांत आणि दंड पन्नास, तर धाक कोणाला? धंदा चालतो तो घेणाऱ्याच्या पैशावर, आणि तिथंच तो अडवता येतो.

(श्रोत्यांतून प्रश्न : सर, मंग विकत काहून नाही घ्याचं? नोंदणीवाला पाहून घेतला तर?)

घ्या ना. पण नोंदणीचा कागद मागा, आणि पिल्लाची आई जिथं राहते तिथं जाऊन तिला बघा. ती दाखवायला का-कू करत असेल तर उठून या. आणि त्याआधी गल्लीतली पिल्लं बघा. आपला गावठी इथल्याच उन्हात पिढ्यान् पिढ्या निभावलेला आहे. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, पुढं नसबंदी, खर्च बहुतेक तेवढाच. दोन्ही शहरांत जखमी कुत्री उचलून आणणारी तरुण पोरं आहेत, त्यांच्याकडं घराची वाट बघणारी कुत्री असतातच. सोडवलेली मोठी कुत्री घेणार असाल तर पहिले काही आठवडे तिच्या मागं लागू नका. पाणी, सावली, एक पोतं आणि येण्याजाण्याच्या ठरलेल्या वेळा एवढं पुरतं. पायरी कशी चढायची हेही काहींना शिकावं लागतं. आणि नसबंदीचं पशुवैद्यकांशी लवकर बोलून ठेवा.