जुन्या नोंदी, नवी यंत्रे

१९१० साली सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना पाचारण करून बडोदे संस्थानातील ग्रंथालयांची घडी बसविली. सूचिपत्रावरची शाईची नोंद नुसत्या डोळ्यांनी वाचता येते. संगणकीय नोंदीला ते भाग्य नाही.

पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड संगणकात बसविले, की डॉसवर देवनागरी उमटे. अक्षरांची जुळणी ते कार्डच करी. पुढे नव्या संगणकांतून त्या कार्डाची खाचच नाहीशी झाली. आभासी यंत्र, म्हणजे नव्या संगणकाच्या पोटात आज्ञावलीने उभा केलेला जुना संगणक, येथे अर्धेच काम करते. त्यात डॉस चालतो, डीबेसही उघडतो. पण कार्डाअभावी मराठीच्या जागी अगम्य चिन्हे दिसतात. (यूएसबीने जोडलेले जुने छपाईयंत्र मात्र त्याला सहसा चालते.)

तरी मजकूर नष्ट झालेला नसतो. जिस्टच्या नोंदी इस्की संकेतात, आकाराऐवजी वर्णक्रमाने होत: क, हलन्त, ष मिळून क्ष. युनिकोडची देवनागरी याच संकेतावर बेतलेली असल्याने रूपांतर फारसे अवघड नाही. सुबक टंकांच्या मोहाने ज्यांनी नोंदी केल्या त्यांची वाट बिकट; तेथे प्रत्येक टंकाची किल्ली निराळी.