आठ तारा आणि सहा तारा

सन १९८० मध्ये अमेरिकेतील 'शुगर हिल' नावाच्या एका लहानशा ध्वनिमुद्रण कंपनीने एक तबकडी प्रसिद्ध केली. तिच्यावर रचना दहा, गाणारे दोन आणि वाद्येही दोनच: एक मँडोलिन व एक गिटार. मँडोलिनवादक रिकी स्कॅग्ज हा केंटकी राज्यातला, १९५४ साली जन्मलेला. गिटारवादक टोनी राइस हा व्हर्जिनियात जन्मलेला, स्कॅग्जहून तीन वर्षांनी वडील. तबकडीचे नावही दोघांच्या आडनावांपलीकडे गेले नाही: 'स्कॅग्ज अँड राइस'. तिच्यात ढोल नाही, बास नाही, फिडल नाही, बँजोही नाही. नॅशव्हिलच्या व्यावसायिक संगीतात त्या काळी व्हायोलिनांचे ताफेच्या ताफे उभे केले जात असताना या दोघांनी लाकूड, तार आणि कंठ एवढ्यावरच भागविले.

ही तबकडी अॅपलेशियन डोंगराळ भागातील 'शुद्ध' लोकसंगीताचा आदर्श म्हणून वाखाणली जाते. तबकडीच्या थोरवीविषयी आमचे दुमत नाही. 'शुद्ध' या विशेषणाशी मात्र आमचे भांडण आहे, आणि ते केवळ संगीतापुरते नाही.

प्रथम वाद्यांचेच पाहू. मँडोलिन हे मूळचे इटलीचे. आज आपण ज्याला मँडोलिन म्हणतो त्याची घडण अठराव्या शतकात नेपल्स शहरात व्हिनाच्च्या घराण्याच्या कारागिरांनी पक्की केली. तारा आठ, परंतु त्या जोडीजोडीने एकाच स्वरात लावलेल्या, म्हणजे स्वरस्थाने चारच. आणि ती चार हुबेहूब व्हायोलिनची. म्हणूनच ज्याची बोटे व्हायोलिनवर बसली आहेत त्याला मँडोलिन परके वाटत नाही. एकच अडचण: छेडलेली तार क्षणात मूक होते. व्हायोलिनचा गज स्वर हवा तितका लांबवितो, मँडोलिनला ती सोय नाही. तेव्हा वादक तार वरून-खाली, वरून-खाली अशी अतिवेगाने छेडीत राहतो आणि त्या कंपातून अखंड स्वराचा भास निर्माण करतो. मँडोलिनचा तो सुप्रसिद्ध थरथरता नाद म्हणजे वाद्याच्या उणिवेवर शोधलेला तोडगा होय.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इटालियन स्थलांतरितांबरोबर हे वाद्य अमेरिकेत रुजले. त्याची पाठ भोपळ्यासारखी फुगीर असे. अमेरिकन शेतकऱ्यांनी तिच्यावरील पट्टे पाहून वाद्याला बटाट्याच्या पिकावरील किड्याचे नाव देऊन टाकले! मिशिगन राज्यातील कलामाझू गावी ऑर्व्हिल गिब्सन या कारागिराने ही पाठ जवळजवळ सपाट केली आणि व्हायोलिनप्रमाणे लाकूड कोरून मँडोलिन घडविले. १८९८ साली त्याला त्याचे पेटंट मिळाले. पुढे त्याच्या नावाच्या कंपनीत लॉइड लोअर या तंत्रज्ञाने १९२२ च्या सुमारास वाद्याच्या छातीवर व्हायोलिनसारखी दोन वळणदार छिद्रे पाडली आणि आवाजाला धार आली. म्हणजे इटालियन वाद्य, अमेरिकन सुतारकाम आणि व्हायोलिनची अंगरचना.

गिटारची कथाही अशीच आहे. क्रिस्तियान फ्रेडरिक मार्टिन हा जर्मनीतील सॅक्सनी प्रांताचा कारागीर १८३३ साली न्यूयॉर्कला उतरला आणि १८३९ साली पेनसिल्व्हेनियातील नाझरेथ येथे स्थायिक झाला. हे नाझरेथ मोरेव्हियन पंथाच्या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती लोकांनी वसविलेले गाव. सुताराच्या घरी वाढलेल्या प्रभूच्या गावाचे नाव धारण करणाऱ्या या खेड्यात लाकडाला स्वर देणारे सुतार पिढ्यान्‌पिढ्या राबत आले, हा योगायोग आम्हांस नेहमीच गोड वाटत आला आहे. टोनी राइसची गिटार याच कारखान्यातली, १९३५ सालची. तिचा पूर्वीचा धनी क्लॅरेन्स व्हाइट हाही मोठा गिटारवादक. १९७३ साली मोटारीच्या धडकेने त्याचा अंत झाला. राइसने बालवयात ही गिटार व्हाइटच्या हातात पाहिली होती. पुढे १९७५ साली ती शोधून काढून त्याने विकत घेतली आणि आयुष्यभर वाजविली.

आता ही दोन वाद्ये एकत्र कशी आली? केंटकीच्या अंधशाळेत भेटलेले लेस्टर मॅकफार्लंड आणि रॉबर्ट गार्डनर हे दोन दृष्टिहीन गायक १९२६ पासून मँडोलिन आणि गिटारच्या साथीने ध्वनिमुद्रणे करू लागले. 'मॅक आणि बॉब' या नावाने ते लोकप्रिय झाले. परंतु या जोडीला खरे तेज चढविले ते केंटकीतीलच रोझीन या खेड्याच्या मन्रो बंधूंनी. बिल मन्रो हा आठ भावंडांत शेंडेफळ, १९११ साली जन्मलेला. थोरल्या भावांनी फिडल आणि गिटार आधीच बळकावले होते, धाकट्याच्या वाट्याला उरले मँडोलिन. आणि तेही आठ तारांनिशी नव्हे: त्याचा आवाज फार होऊ नये म्हणून भावांनी त्याला चारच तारा लावू दिल्या, असे बिल सांगत असे. संगीताच्या इतिहासात घरच्या दांडगाईने एवढे मोठे दान क्वचितच दिले असेल.

दहा वर्षांचा असताना बिलची आई वारली, सोळाव्या वर्षी वडील गेले. त्यानंतर काही काळ तो मामाच्या आश्रयाने राहिला. हा मामा, पेन व्हँडिव्हर, गावोगावच्या नाचांत फिडल वाजवी. स्कॉटलंड-आयर्लंडहून आलेल्या पूर्वजांच्या चाली त्याच्या गजात होत्या. मामाचे ऋण बिलने पुढे 'अंकल पेन' या गीतात गायिले आणि ते जगाला ठाऊक झाले. दुसरे ऋण तितकेसे ठाऊक नाही. त्याच परिसरात आर्नल्ड शुल्ट्झ नावाचा एक कृष्णवर्णीय मजूर राहत असे. तो कोळशाच्या खाणीत राबे, गिटार आणि फिडल दोन्ही वाजवी. त्याच्या अंगठ्याच्या ठेक्यावर मंद्र स्वर चालत आणि बोटांवर चाल खेळे; ती पद्धत पुढे पश्चिम केंटकीच्या गिटारवादनाची ओळखच बनली. किशोरवयीन बिल नाचाच्या रात्री शुल्ट्झच्या फिडलला गिटारची साथ करी. शुल्ट्झच्या 'ब्ल्यूज'मधील ते दबलेले, घसरते स्वर बिलच्या मँडोलिनमध्ये कायमचे उतरले. बिलने उत्तरायुष्यात हे उघडपणे मान्य केले, हे त्याच्या प्रामाणिकपणाचे द्योतक होय. तिसरा झरा चर्चमधला. फिरते गायनशिक्षक खेडोपाडी येत आणि स्वरांना त्रिकोण, चौकोन अशा आकृत्या देऊन निरक्षरांनाही चार आवाजांत भक्तिगीते गावयास शिकवीत.

मंदीच्या दिवसांत तिघे मन्रो बंधू शिकागोजवळ एका तेलशुद्धीकरण कारखान्यात पिंपे धुण्याचे, रचण्याचे काम करीत. १९३४ साली एका रेचक क्षाराच्या विक्रेत्याने रेडिओवर गाण्याचे आमंत्रण दिले. फिडल वाजविणाऱ्या बर्चने नोकरी सोडण्यास नकार दिला, तेव्हा चार्ली आणि बिल असे दोघेच निघाले. म्हणजे ही 'शुद्ध' दोन वाद्यांची रचना कोणा सौंदर्यवाद्याने ठरविलेली नव्हती. तिसरा भाऊ पगारावर राहिला म्हणून ती घडली! शिवाय रेडिओचा मायक्रोफोन हलका आवाजही टिपी, आणि दोन माणसांना एका मोटारीत बसवून आज या गावी, उद्या त्या गावी नेणे स्वस्त पडे. १७ फेब्रुवारी १९३६ रोजी शार्लट शहरात त्यांचे पहिले ध्वनिमुद्रण झाले. त्यातले गाजलेले गीत मार्कलिखित शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायावर बेतलेले होते. आत्म्याच्या बदल्यात तू काय देशील, असा प्रश्न त्याचे शीर्षकच करते. रेचकाच्या जाहिरातीबरोबर आत्म्याच्या मोलाचा प्रश्न घराघरांत पोहोचला. परमेश्वराचे मार्ग अगाध आहेत.

दोन वर्षांत दोघांनी साठ गीते ध्वनिमुद्रित केली आणि १९३८ साली भांडून वेगळे झाले. पुढच्याच वर्षी बिलने केंटकीच्या लाडक्या नावावरून 'ब्ल्यू ग्रास बॉइज' हा ताफा उभारला आणि एका संगीतप्रकारास नाव मिळाले. भावाभावांच्या जोडीची परंपरा मात्र बोलिक बंधू, लूव्हिन बंधू यांनी चालू ठेवली.

स्कॅग्ज आणि राइस हे भाऊ नव्हते. १९७५ च्या सुमारास जे. डी. क्रो यांच्या ताफ्यात ते एकत्र होते. त्यानंतर राइस कॅलिफोर्नियात डेव्हिड ग्रिसमन या ज्यू कुटुंबातील मँडोलिनवादकाकडे गेला आणि तेथे जाझचे गुंतागुंतीचे स्वरमेळ आत्मसात केले. स्कॅग्जला वडिलांनी पाचव्या वर्षी मँडोलिन दिले होते. सहाव्या वर्षी त्याने बिल मन्रोच्याच मंचावर जाऊन, मन्रोचेच मँडोलिन गळ्यात अडकवून गाणे म्हटले. पुढे तो एमिलू हॅरिस यांच्या ताफ्यात दाखल झाला. असे निरनिराळे देश हिंडून आलेले दोघे या तबकडीसाठी पुन्हा जुन्या ओसरीवर बसले. दहांपैकी 'मॅन्शन्स फॉर मी', 'द ओल्ड क्रॉसरोड' आणि 'टेनेसी ब्ल्यूज' या रचना बिल मन्रोच्या. शेवटची केवळ वाद्यांची, आणि तिच्या नावातच शुल्ट्झच्या लोकांचे संगीत आहे. पहिले गीत कार्टर कुटुंबाने १९२७ साली ब्रिस्टल येथे ध्वनिमुद्रित केलेले.

ऐकताना प्रथम लक्षात येते ती राइसची मंद्र तार. बास नाही, म्हणून ठेका आणि पाया दोन्ही गिटारनेच सांभाळावयाचे. ते सांभाळून ती मधूनच वर झेपावते आणि पुन्हा पायाशी येते. राइसचा भारदस्त आवाज मूळ चाल धरतो, स्कॅग्जचा आवाज तिच्या वर एक पायरी सोडून चालतो. मन्रो बंधू ही गाणी जणू आगगाडी चुकेल अशा घाईने गात. या दोघांना कसलीच घाई नाही. राइसला जाझ येत होते आणि त्याने ते येथे मिरविले नाही. पण एखाद्या कडव्याच्या अखेरीस गिटार अनपेक्षित स्वरावर विसावते तेव्हा ग्रिसमनकडची वर्षे वाया गेली नव्हती हे कळते. आम्हांस या तबकडीतील सर्वोत्तम स्थळे तीच वाटतात.

गीतांच्या आशयाविषयी एक कॅथलिक म्हणून थोडे बोलणे प्राप्त आहे. येथे आईवडिलांची थडगी आहेत, वाट चुकलेला पापी आहे, योहानाच्या चौदाव्या अध्यायातील पित्याचे घर आहे. नाहीत ती साक्रामेंते, नाही पवित्र मरिया, नाही संतांचा समागम. एकटा आत्मा, एकटी कबर, एकटाच स्वर्ग. ही उणीव आम्हांस जाणवते. तरीही अंत्यविधीच्या वेळी आपण जी लांबलचक प्रवचने करतो, त्यांच्यापेक्षा ही दोन-अडीच मिनिटांची गीते शोकाकुल माणसाच्या अधिक जवळ जातात, हेही नाकारता येत नाही.

'शुद्ध' या शब्दाशी भांडण केवळ संगीतापुरते नाही असे आरंभी म्हटले, ते यासाठी की आपल्या धर्मग्रामांतूनही हा वाद ऐकू येतो. पवित्र मिस्साच्या वेळी तबला-पेटी वाजली की कोणी म्हणतो, हे आपले नव्हे. गिटार वाजली की दुसरा म्हणतो, हे पाश्चात्य अनुकरण. दहावे पायस यांनी १९०३ साली पियानो आणि गोंगाट करणारी वाद्ये उपासनेतून वर्ज्य केली होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजीच्या उपासनाविषयक संविधानात प्रत्येक लोकसमूहाच्या संगीतपरंपरेस मान दिला आणि उपासनेस साजतील ती वाद्ये स्वीकारण्यास वाट मोकळी केली. परंपरा कोणाची, हे मात्र आपणच ठरवावयाचे. आपल्या भजनकीर्तनात मुरलेली पेटी पॅरिसमध्ये घडली. अलेक्झांद्र दबें यांनी १८४२ साली तिचे पेटंट घेतले. ती परकी म्हणून आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदी घातली आणि ती उठू लागावयास १९७१ साल उजाडले. उलट मँडोलिन हे नेपल्सचे वाद्य वाजवीतच लक्ष्मीकांत कुडाळकर हा मराठी मुलगा हिंदी चित्रपटसृष्टीत आला आणि 'लक्ष्मीकांत-प्यारेलाल'पैकी एक झाला. त्याच वाद्यवृंदांत बसलेले अनेक गोमंतकीय वादक स्वरलेखन शिकले होते ते चर्चच्या शाळांत. यातले देशी कोणते आणि विदेशी कोणते हे छाटावयास बसलो, तर हाती गाणे उरणार नाही.

परंतु मिश्रणाचे कौतुक करतानाही एक हिशेब राहतो. मिसळणाऱ्या सर्वांनाच सारखे नाव मिळत नाही. बिल मन्रो १९९६ साली वारला तेव्हा 'ब्ल्यूग्रासचा जनक' म्हणून जगाने त्याला निरोप दिला. टोनी राइसचा गाता गळा १९९४ नंतर कायमचा मिटला आणि बोलणेही घोगरे झाले. २०१३ साली ब्ल्यूग्रासच्या सन्मानदालनात त्याचा समावेश झाला, तेव्हा प्रयासाने त्याने काही क्षण आपल्या मूळ आवाजात बोलून दाखविले आणि सभागृह हेलावले. २०२० साली नाताळच्याच दिवशी त्याचे निधन झाले. आर्नल्ड शुल्ट्झ १९३१ साली मरण पावला. त्याच्या वादनाची एकही तबकडी कोणी काढली नाही. त्याची बोटे कशी चालत असतील हे आता इतरांच्या तारांतूनच ऐकावे लागते. राइस गेला त्याच वर्षी, २०२० मध्ये, अमेरिकेतील ब्ल्यूग्रास संगीताच्या प्रतिष्ठानाने गौरेतर वादकांच्या साहाय्यासाठी एक निधी सुरू केला. त्या निधीला नाव दिले आहे आर्नल्ड शुल्ट्झचे.