मुंबई हायचा उपसा : सागरी तेलोद्योगाच्या भवितव्याचा ऐतिहासिक विचार

खनिज तेलाचा इतिहास बहुधा शोधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोठे, केव्हा आणि कोणाच्या हातून तेल लागले एवढे सांगून लेखक थांबतात, आणि उद्योगाचे भवितव्य म्हणजे पुढचा शोध असे समीकरण वाचकाच्या मनात रूढ होते. भारताच्या सागरी तेलोद्योगापुरते तरी हे समीकरण अपुरे आहे. या उद्योगाचे दैव शोधाने जितके घडविले त्याहून अधिक उपशाच्या गतीने घडविले आहे. मुंबई हायचा अर्धशतकाचा वृत्तान्त याची साक्ष देतो.

प्रथम नावाचा उलगडा करणे इष्ट होय. 'हाय' हा येथे गौरवाचा शब्द नसून भूस्तरशास्त्रातील पारिभाषिक शब्द आहे. सागरतळाखालील खडकांचे थर जेथे उंचावलेले असतात, त्या उंचवट्याचा तो वाचक होय. पाण्याहून हलके असलेले तेल अशा उंचवट्याकडे सरकते आणि वर अभेद्य थर असल्यास तेथेच अडकून राहते. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे 160 किलोमीटरवर, 75 मीटरांच्या आसपास खोल पाण्याखाली, चुनखडीच्या थरांत असे तेल साठलेले होते.

त्याच्या शोधाची पूर्वपीठिका 1956 मध्ये स्थापन झालेल्या तेल व नैसर्गिक वायू आयोगापर्यंत जाते. 1960 नंतरच्या दशकात सोव्हिएत साहाय्याने खंबायतच्या आखातात भूकंपलहरींच्या पद्धतीने पाहणी झाली. 1970 मध्ये अलियाबेट येथे समुद्रातील पहिले विंधन सुरू झाले, आणि फेब्रुवारी 1974 मध्ये जपानमध्ये बांधलेल्या 'सागर सम्राट' या विंधनयानाला मुंबई हाय येथे तेल लागले. हा क्षण विलक्षण होता. ऑक्टोबर 1973 च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाच्या किमती काही महिन्यांत जवळजवळ चौपट झाल्या होत्या आणि परकीय चलनाची चणचण शासनास जाचत होती. त्यामुळे 21 मे 1976 रोजी, म्हणजे शोधानंतर अवघ्या सव्वादोन वर्षांत, उत्पादन सुरू झाले. 1978 मध्ये सागरतळावरून नळ टाकून ते उरणच्या किनाऱ्याशी जोडले गेले. त्याच वर्षांत घटनादुरुस्ती व सागरी क्षेत्रांचा कायदा (1976) यांनी खंडान्त उथळीवरील संपत्तीवरचा संघराज्याचा अधिकार स्पष्ट केला. उद्योग 'राष्ट्रीय' झाला तो या अर्थाने.

1980 नंतरच्या दशकात या एका क्षेत्रातून रोज चार लाख पिंपांहून अधिक तेल निघू लागले. त्या दशकाच्या मध्यास देशाच्या गरजेचा सुमारे दोन-तृतीयांश भाग स्वदेशी तेलाने भागत होता. ही कामगिरी असामान्य खरी. परंतु तिचा एक हिशेब मागे राहिला होता. तेल खडकातून वर येते ते थरांतील नैसर्गिक दाबामुळे. उपसा वेगाने झाला की दाब घटतो, तेलात विरघळलेला वायू सुटा होतो आणि मागे उरलेले तेल घट्ट होऊन खडकाच्या छिद्रांतच अडकते. दाब टिकवावयाचा तर उपशाबरोबर थरांत पाणी भरावे लागते. मुंबई हायमध्ये हे काम उत्पादन सुरू होऊन काही वर्षे लोटल्यावर हाती घेतले गेले, आणि उपशाची मागणी मात्र कमी झाली नाही.

परिणाम लवकरच दिसला. देशातील कच्च्या तेलाचे उत्पादन 1989-90 मध्ये 3 कोटी 40 लाख टन होते. ते 1992-93 मध्ये सुमारे 2 कोटी 70 लाख टनांवर आले. आसाममधील अशांतता हेही याचे एक कारण होते. परंतु मुंबई हायमधील घट हे मुख्य कारण होय. ही घट नेमकी आखाती युद्धाच्या आणि 1991 च्या परकीय चलनसंकटाच्या काळात आली, हे इतिहासाच्या अभ्यासकाने विसरू नये. 1974 च्या संकटाने घाई करावयास लावली आणि त्या घाईचे देणे पुढच्या संकटात फेडावे लागले.

आर्थिक बाजूही अशीच आहे. 1974 च्या तेल उद्योग (विकास) अधिनियमानुसार देशी कच्च्या तेलावर उद्योगाच्या विकासासाठी अधिभार बसविण्यात आला. पण त्यातील बहुतांश रक्कम सर्वसाधारण तिजोरीतच राहिली. नॉर्वेने 1990 मध्ये कायदा करून तेलाच्या उत्पन्नाचा स्वतंत्र निधी उभारला. भारत हा तेल विकणारा नव्हे, तर जाळणारा देश असल्याने ही तुलना पूर्णपणे न्याय्य नाही; तथापि साठा संपत जातो ही जाणीव हिशेबात उतरली नाही, एवढे तीवरून म्हणता येते.

2000 नंतर पुनर्विकासाचे कार्य सुरू झाले व आडव्या विहिरींनी घट बरीचशी रोखली गेली. तरीही 2024 पर्यंत मुंबई हायचे दैनिक उत्पादन दीड लाख पिंपांच्या खाली आले, आणि आयातीवरील अवलंबन 85 टक्क्यांच्या वर गेले. जानेवारी 2025 मध्ये या क्षेत्राच्या सुधारणेसाठी बीपी या ब्रिटिश कंपनीची तांत्रिक सल्लागार म्हणून निवड झाली. पूर्व किनाऱ्यावरील कृष्णा-गोदावरी खोऱ्यात 2009 मध्ये सुरू झालेले वायूचे उत्पादनही थोड्याच वर्षांत अपेक्षेच्या पुष्कळ खाली आले होते. तेथेच जानेवारी 2024 मध्ये खोल पाण्यातील दुसऱ्या क्षेत्रातून तेल निघू लागले, तेव्हा वृत्तपत्रांनी पुन्हा शोधाचीच भाषा वापरली.

मुंबई हायमधील निम्म्याहून अधिक तेल आजही खडकातच आहे. त्यातील फार थोडे बाहेर येईल; परंतु किती येईल हे आता उपशाच्या शिस्तीवर ठरणार आहे. शिवाय समुद्रातील बांधकामेही वृद्ध झाली आहेत. 27 जुलै 2005 च्या आगीत एक संपूर्ण मंच नष्ट झाला आणि 22 जणांनी प्राण गमावले. ज्या क्षेत्रांतील उत्पादन संपले तेथील मंच उतरविणे हेही आता खर्चाचे स्वतंत्र प्रकरण झाले असून, तापी क्षेत्रापासून त्याचा आरंभ झालेला आहे. म्हणून पुढील काळात नव्या क्षेत्राची वार्ता येईल तेव्हा साठा किती, एवढेच विचारून भागणार नाही. दरवर्षी किती काढावयाचे, दाब कशाने राखावयाचा आणि शेवटी समुद्र मोकळा करण्याचा खर्च कोणत्या निधीतून करावयाचा, हे तीन प्रश्न पहिल्या पिंपाच्या आधीच विचारले जावेत, असे मुंबई हायचा इतिहास सांगतो.