देहदान : रोमन कॅथलिक दृष्टिकोन

मृत्यूनंतर आपला देह वैद्यकीय अध्यापनासाठी वा संशोधनासाठी उपयोगात आणावा, अशी इच्छा जिवंतपणी व्यक्त करून तो वैद्यकीय संस्थेस विनामूल्य देणे, यास देहदान म्हणतात. नेत्रदान व अवयवदान यांहून ते भिन्न आहे. त्यांत विशिष्ट भाग काढून घेतल्यानंतर देह कुटुंबीयांना परत मिळतो. देहदानात मात्र तो शवविच्छेदनासाठी दीर्घकाळ संस्थेकडेच राहतो. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर इ. मुंबईच्या उपनगरांत कॅथलिकांची वस्ती असून दफन हा त्यांच्या धर्माचाराचा महत्त्वाचा भाग आहे. त्यामुळे देहदान धर्मसंमत आहे किंवा नाही, हा प्रश्न तेथे केवळ तात्त्विक राहत नाही. चर्चचा मुख्य आक्षेप शवविच्छेदनास नव्हता, तर देहाची अवहेलना, संमतीचा अभाव आणि अंत्यविधीची उपेक्षा यांस होता, असे या विषयाच्या इतिहासावरून दिसून येते.

अंतिम दिवशी मृतांचे सदेह पुनरुत्थान होईल, ही ख्रिस्ती धर्माची मूलभूत श्रद्धा होय. छिन्नविच्छिन्न झालेला देह पुन्हा कसा उठेल, अशी शंका सर्वसामान्य भाविकांच्या मनात येते. तथापि सेंट ऑगस्टीन (३५४–४३०) याने पाचव्या शतकातच तिचे निरसन केले होते. दफन न लाभल्याने मृताची कोणतीही हानी होत नाही. अंत्यविधी हा मृतास साहाय्यभूत होण्यापेक्षा जिवंतांचे सांत्वन करणारा असतो, असे त्याचे प्रतिपादन होते. मात्र देह हा आत्म्याचे निवासस्थान असल्यामुळे त्याविषयी आदर बाळगणे, हे कर्तव्य त्याने कायम ठेवले. संतांच्या अवशेषांची पूजा करणाऱ्या परंपरेत देहाचे विभाजन सर्वस्वी निषिद्ध मानले गेले नाही. गोव्यात जतन केलेल्या सेंट फ्रान्सिस झेव्हिअर याच्या देहापासून उजवा हात १६१४ मध्ये वेगळा करून रोमला नेण्यात आला, हे याचे परिचित उदाहरण होय.

पोप आठवा बॉनिफेस (कार. १२९४–१३०३) याने १२९९ मध्ये काढलेल्या आज्ञापत्रामुळे चर्चने शवविच्छेदनावर बंदी घातली, असा समज दीर्घकाळ प्रचलित होता. वस्तुतः परदेशी मरण पावलेल्या सरदारांचे देह तोडून, उकळून त्यांची हाडे मायदेशी नेण्याची जी प्रथा होती, तिच्याविरुद्ध ते आज्ञापत्र होते. त्यानंतर थोड्याच वर्षांत, सु. १३१५ मध्ये, मोंदीनो द लुत्सी याने बोलोन्या येथे विद्यार्थ्यांसमोर मानवी देहाचे विच्छेदन केले. पोप चौदावा बेनेडिक्ट (कार. १७४०–५८) याने तर त्याच नगरातील शारीरविद्येच्या अध्ययनास व मेणाच्या शारीर प्रतिकृतींच्या निर्मितीस आश्रय दिला.

देहदानाच्या इच्छेचे एक जुने उदाहरण एका संताच्या चरित्रात आढळते. सेंट फ्रान्सिस द सेल्स (१५६७–१६२२) हा पाद्‌वा येथे विद्यार्थी असताना गंभीर आजारी पडला. प्रेते मिळविण्यासाठी तेथील विद्यार्थी थडगी उकरीत व त्यांवरून दंगे होत. तेव्हा आपण मरण पावल्यास आपला देह वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना द्यावा, असे त्याने सांगून ठेवले. पुढे तो बरा झाला. बोरिवली येथील डॉन बॉस्को विद्यालय चालविणारा सलेशियन संघ याच संताच्या नावाने ओळखला जातो.

एकोणिसाव्या शतकात यूरोपातील काही धर्मविरोधी गटांनी दहनाचा पुरस्कार केल्यामुळे १८८६ मध्ये रोमने दहनास मनाई केली. ही मनाई १९६३ मध्ये सैल करण्यात आली. १९८३ च्या धर्मविधिसंहितेत दफनाची आवर्जून शिफारस असली, तरी ख्रिस्ती श्रद्धेविरुद्ध हेतूने केलेले नसल्यास दहनास प्रतिबंध नाही. दरम्यान १९५६ मध्ये पोप बारावा पायस (कार. १९३९–५८) याने नेत्रपटल दात्यांसमोर केलेल्या भाषणात या विषयाची नैतिक चौकट स्पष्ट केली. मृतदेह हक्कधारक नसला, तरी तो केवळ वस्तूही नव्हे. दानास संमती हवी. दान हे पुण्यकर्म असले, तरी ते कर्तव्य म्हणून कोणावर लादू नये, अशी त्याची भूमिका होती. सार्वजनिक रुग्णालयांतील गरिबांचे देह आपोआप वैद्यकीय उपयोगासाठी जावेत आणि सुस्थितीतील रुग्णांचे मात्र जाऊ नयेत, हे न्याय्य नाही, असेही त्याने सांगितले. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात शास्त्रीय संशोधनासाठी शवपरीक्षा व मरणोत्तर अवयवदान या दोहोंस मान्यता आहे. संपूर्ण देहदानाचा तेथे स्वतंत्र निर्देश नाही; परंतु याच तत्त्वांच्या आधारे ते ग्राह्य मानले जाते.

पायसने मांडलेला न्यायाचा मुद्दा मुंबईच्या संदर्भात विशेष अर्थपूर्ण ठरतो. येथे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाची स्थापना १८४५ मध्ये झाली. १९४९ च्या मुंबई शारीरशास्त्र अधिनियमाने बेवारस मृतदेह विच्छेदनासाठी वैद्यकीय संस्थांना देण्याची व्यवस्था केली. रुग्णालयात वा रस्त्यावर मरण आलेल्या आणि ज्यांच्यावर कोणी हक्क सांगितला नाही अशा व्यक्तींचे, म्हणजे बहुधा निर्धनांचे, देह यामुळे विच्छेदनाच्या मेजावर आले. त्यांची संमती कोणी विचारलेली नव्हती. या दृष्टीने पाहता, स्वेच्छेने केलेले देहदान हे विद्यार्थ्यांची गरज भागविण्याबरोबरच गरिबांवर पडलेला भार हलका करणारेही ठरते.

साष्टी बेटावर १५३४ च्या वसईच्या तहानंतर पोर्तुगीजांचा अंमल आला व कोळी, कुणबी, भंडारी इ. समाजांतील अनेकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मराठीची बोली बोलणारे त्यांचे वंशज ईस्ट इंडियन म्हणून ओळखले जातात. पुढे गोवा, मंगळूर व केरळ येथील कॅथलिकही उपनगरांत स्थायिक झाले. या सर्वांत चर्चलगतच्या दफनभूमीस मोठे स्थान आहे. २ नोव्हेंबर या सर्व मृतांच्या स्मरणदिनी कुटुंबीय थडग्यांवर फुले वाहतात व मेणबत्त्या लावतात. देहदानास होणारा विरोध पुष्कळदा धर्मसिद्धांतातून नव्हे, तर मेणबत्ती लावण्यास जागा उरणार नाही या भावनेतून येतो. तथापि जागेच्या टंचाईमुळे उपनगरांतील थडगीही कायमची राहत नाहीत. काही वर्षांनी थडगे उघडून अस्थी भिंतीतील कोनाड्यात ठेवतात व ती जागा दुसऱ्या मृतास देतात. थडगे आणि देहदान यांतील अंतर त्यामुळे वाटते तितके मोठे नाही.

विलेपार्ले येथील कूपर रुग्णालयास जोडून २०१५ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यावर पश्चिम उपनगरांतच शारीरशास्त्राच्या अध्ययनाची सोय झाली. देह लवकर पोहोचविणे आवश्यक असल्याने अंत्यविधीचा मिस्सा त्यापूर्वी उरकावा लागतो किंवा नंतर देहाविना स्मरणार्थ मिस्सा अर्पण केला जातो. अध्ययन संपल्यावर उरलेल्या अवशेषांचे काय होणार, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. दहनानंतरची रक्षा उधळू नये, ती पवित्र स्थळी जतन करावी, असे रोमने २०१६ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून अवशेष दफनासाठी परत मिळतील किंवा नाही, याची चौकशी दात्याने व कुटुंबीयांनी देहदानाचा अर्ज भरतानाच करणे इष्ट ठरते. संमती, आदर आणि अखेरीस दफन या तीन अटी पूर्ण होत असतील, तर देहदान हे कॅथलिक दृष्टीने धर्माचरणास बाधा आणणारे नसून परोपकाराचे कृत्य होय.