पुस्तकातली मराठी आणि पालिकेची शाळा

महापालिकेच्या शाळेतली मुले विज्ञानात मागे का पडतात, याची दोन उत्तरे मुंबईत फार पूर्वीपासून तयार होती: घरी अभ्यासाला जागा नाही आणि शाळेत प्रयोगाचे साहित्य नाही. दोन्ही खरीच होती. तिसरे उत्तर दबक्या आवाजात दिले जाई. मुलांची कुवतच बेताची!

हे तिसरे उत्तर तपासायला पुढे आले ते भौतिकशास्त्रज्ञ. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन केले. केंद्राची सुरुवातीची वर्षे नाना चौकातल्या पालिका शाळेच्या इमारतीत गेली. ज्या मुलांविषयी बोलायचे ती जिन्यात भेटत होती, आणि माझ्या मते ही गोष्ट किरकोळ नव्हती.

केंद्राचे पहिले संचालक वि. गो. कुलकर्णी यांचे लक्ष पाठ्यपुस्तकाच्या भाषेकडे गेले. मुले मराठी, पुस्तक मराठी, मग अडचण कसली? पण वस्तीतली बोली आणि पुस्तकातली संस्कृतप्रचुर प्रमाणभाषा यांत मोठे अंतर होते. पारिभाषिक शब्द तर सर्वांनाच नवे असतात. या मुलांना त्या शब्दांभोवतीचे वाक्यही परके होते. ‘कार्य’ म्हटले की घरात लग्न नाहीतर बारावे. पुस्तकात मात्र बल आणि विस्थापन यांचा गुणाकार. ‘बल’, ‘शक्ती’, ‘ऊर्जा’ या तीन वेगळ्या राशी, पण बोलण्यात तिन्हींना एकच शब्द: ताकद. अशा वेळी मूल घोकंपट्टीकडे वळते, आणि तिलाच आपण मठ्ठपणा म्हणतो.

केंद्राने विज्ञानाचे धडे सोप्या मराठीत पुन्हा लिहिले आणि पालिकेच्या वर्गांत वापरून पाहिले. आशय तोच, वाक्ये छोटी, शब्द ओळखीचे. मुलांना विषय अधिक कळू लागला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वर्गात ती बोलू लागली, प्रश्न विचारू लागली. गप्प बसणाऱ्या वर्गाला कुवत नसते असे मानणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे होते.

पुढे पालिकेच्या माध्यमिक शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळा प्रकल्प झाला. त्याचा अहवाल कुलकर्णी आणि सुधाकर आगरकर यांनी १९८५ मध्ये लिहिला. जादा वर्गांत प्रयोग होते, तसेच भाषेची तयारीही होती. अहवालाच्या शीर्षकातच ‘वंचितांमधील प्रज्ञेचा शोध आणि जोपासना’ असा अर्थ आहे. त्यांनी उपकाराचा शब्द टाळून ‘प्रज्ञा’ निवडला, हे मला मोलाचे वाटते.

१९९२ मध्ये केंद्र मानखुर्दला गेले. राज्याच्या पुस्तकांची भाषा पुढे थोडी सैल झाली, पण तोवर पालकांचा ओढा दुसरीकडे वळला होता. अलीकडे पालिकेनेच सीबीएसईच्या इंग्रजी शाळा काढल्या आहेत आणि प्रवेशासाठी सोडत काढावी लागते. तिथे ‘फोर्स’, ‘पॉवर’ आणि ‘एनर्जी’ हे तीन शब्द शिकवले जातात. घरी अजूनही तिन्हींना एकच शब्द आहे.