आरोपीचे कैवारी काका बाप्तिस्ता

ज्युबिलीच्या या शुभप्रसंगीं देवालयाच्या उभारणीस हातभार लावणाऱ्यांचें स्मरण आपण करतोंच. त्यांच्याबरोबर आपल्या समाजांतील एका नामांकित बॅरिस्टराचेंही स्मरण व्हावें, असें आम्हांस वाटतें. “फादर, अपराध्याचें वकीलपत्र घेणें पाप नव्हे काय?” असें धर्मग्रामांतील तरुण आम्हांस अनेकदां विचारतात. त्यांनीं जोसेफ बाप्तिस्ता यांचें चरित्र अवश्य पाहावें.

काकांचा जन्म १७ मार्च १८६४ रोजीं माझगांवच्या म्हातारपाखाडींत, ईस्ट इंडियन कुटुंबांत झाला. त्यांचें घराणें मूळचें उत्तनचें. पुण्यास इंजिनियरिंगचें शिक्षण घेतल्यावर पुढें केंब्रिजची पदवी मिळवून ते बॅरिस्टर झाले व मुंबईच्या हायकोर्टांत वकिली करूं लागले.

१९०८ सालीं ‘केसरी’तील लेखांबद्दल लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. टिळकांनीं आपला बचाव स्वतःच केला. कायद्याच्या कामीं बाप्तिस्ता त्यांच्या साह्यास होते. ज्यूरींत सात युरोपियन व दोन पारशी होते. सात विरुद्ध दोन मतांनीं टिळक दोषी ठरले व त्यांस सहा वर्षांची शिक्षा झाली.

पुढील प्रसंग याहून बिकट होता. २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांचा खून झाला. त्यानंतरच्या कटाच्या खटल्यांत विनायक दामोदर सावरकरांच्या वकिलांत बाप्तिस्ता होते. खास न्यायालय, तीन न्यायाधीश. ज्यूरी नाहीं, अपील नाहीं. सावरकरांस मार्सेय येथें फ्रेंच भूमीवर पकडलें होतें. तें कायदेशीर कीं नाहीं, हा वाद हेगच्या लवादाकडे गेला. त्याचा निर्णय १९११ च्या फेब्रुवारींत झाला. परंतु मुंबईंत जन्मठेपेची शिक्षा १९१० च्या डिसेंबरांतच सुनावली गेली होती!

खून हा पांचव्या आज्ञेचा भंग होय, यांत शंका नाहीं. परंतु आरोपीचा वकील खुनाची तरफदारी करीत नसतो. साक्षीदार खरें बोलतो काय, पुरावा पुरेसा आहे काय, शिक्षा कायद्याबाहेर जात नाहीं ना, हें तो तपासतो. मात्र जें खोटें आहे असें त्यास ठाऊक आहे, तें त्यानें खरें म्हणून सांगूं नये. एवढी मर्यादा त्यास आहे. माणसाचें म्हणणें ऐकल्यावांचून त्यास दोषी ठरवूं नये, हें निकदेमानेंही परूश्यांस विचारलें होतें.

आम्हीं स्वतः एकदां चोरीचा आळ आलेल्या एका गरीब नोकरास एकाच बाजूचें ऐकून दोषी मानलें. पुढें तो निर्दोष ठरला. त्याची क्षमा मागतांना आम्हांस फार लाज वाटली.

१९१६ सालीं काका होमरूल लीगचे अध्यक्ष झाले, १९२५ सालीं मुंबई महापालिकेचे. १९३० सालीं ते निवर्तले. वर सांगितलेल्या दोन्ही खटल्यांत निकाल विरुद्ध गेला. तरी दोन्ही वेळां आरोपीच्या बाजूस उभा राहणारा माणूस होता. आपल्या गांवींही कोणावर आळ येईल, तेव्हां त्याचें म्हणणें ऐकणारा एक तरी ख्रिस्ती शेजारी पुढें यावा, हीच आमची प्रार्थना.